आधी मान, मग ब्रेक, सगळ्यात शेवटी इंजिन

रेसची गाडी बघायला जाण्याआधी एक शनिवार-रविवार ट्रॅकवर झेंडे धरायला जा.

अमेरिकेतलं हौशी क्लब रेसिंग चालतं ते प्रत्येक वळणावर पांढऱ्या कपड्यांत उन्हातान्हात उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांच्या जिवावर. त्यांची टंचाई कायमचीच. एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, हिच्या तुमच्या भागातल्या शाखेला आधी कळवलंत तर ते आनंदाने बोलावतात, एखाद्या जुन्या जाणत्या माणसाच्या शेजारी उभं करतात, दुपारचं जेवण देतात. पैसा लागत नाही. २०१८च्या मे महिन्यात मी मिशिगनमधल्या साउथ हेवनजवळ जिंजरमन ट्रॅकवर अशी दोन दिवस उभी राहिले. तेव्हा माझ्याकडे हेल्मेटसुद्धा नव्हतं.

त्या दोन दिवसांत अकरा गाड्या दोरीला बांधून पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या तळावर, परत गेल्या. मी सवयीप्रमाणे वहीत कारणं लिहून घेतली. तीन गाड्यांचे पुढचे हब, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते भाग, गेले होते. तीन पाणी सांडून तापल्या. दोन एकमेकींवर आदळल्या. एकीचे ब्रेक गेले, एकीचा पेट्रोल पंप बंद पडला, आणि इंजिन मेलं ते फक्त एकीचं. संध्याकाळी पॅडॉकमध्ये मात्र जो तो इंजिनाबद्दलच बोलत होता.

मी मूळची सांगलीची. बाबांचं गॅरेज होतं आणि आई रोज रात्री गॅरेजचा जमाखर्च लिहायची. पाना धरायला बाबांनी शिकवलं, वही आईकडून आली. गेली पंधरा वर्षं मी डेट्रॉइटजवळ सीटबेल्टच्या चाचणी प्रयोगशाळेत काम करते. सीटवर डमी बसवायची, ती सीट असलेली घसरगाडी जोरात थांबवायची आणि पट्ट्याने काय केलं ते कॅमेऱ्यात बघायचं, हे माझं रोजचं काम. २०२१पासून स्वतःची गाडी रेस करते. गणपतीत महाराष्ट्र मंडळात दरवर्षी दोन-तीन नवी मुलं गाठतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, किती हॉर्सपॉवर?" त्या मुलांना जे उभ्या उभ्या सांगून होत नाही, ते इथे लिहिते आहे.

पहिलं वर्ष रोजच्या गाडीत

सुरुवात ऑटोक्रॉसने करा. रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडलेले असतात, एका वेळी एकच गाडी सुटते, शर्यत घड्याळाशी. मला दिवसाचे पन्नास-साठ डॉलर पडायचे आणि हेल्मेट तिथेच उसनं मिळायचं. गाडी घसरते म्हणजे नेमकं काय होतं, हे ताशी साठ किलोमीटरला शिकून घेतलेलं बरं.

मग ट्रॅक. एससीसीएच्या 'ट्रॅक नाइट इन अमेरिका'मध्ये आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं मिळतात, नवशिक्यांचा गट वेगळा असतो. नासा, म्हणजे नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, हिच्या चार पायऱ्या आहेत आणि पहिल्या पायरीवर शेजारच्या सीटवर शिक्षक बसतो. माझ्यासारख्या आपल्याच तंद्रीत चालवणाऱ्या बाईला शेजारचा माणूस फार उपयोगी पडला. दोन्हीकडून पुढे स्पर्धा परवान्याची शाळा, डॉक्टरचं तपासणीपत्र आणि नवशिक्याचा परवाना अशी वाट जाते.

या वर्षात दोन कागद नीट वाचा. रोजच्या गाडीच्या विम्यात ट्रॅकबद्दलचं कलम असतं आणि ते बहुधा तुमच्या विरोधातच असतं. ट्रॅकवरच्या सराव-दिवसांसाठी एका दिवसाचा वेगळा विमा मिळतो, तो घ्या. आणि टर्म इन्शुरन्सच्या अर्जात मोटर रेसिंगचा प्रश्न आला तर खरं उत्तर द्या. हप्ता थोडा वाढेल, पण लपवाछपवी केलीत तर दावा घरच्यांचा अडकतो.

कोणता वर्ग

पहिल्या गाडीसाठी ज्या वर्गात सगळ्यांच्या गाड्या सारख्या ठेवायचं बंधन आहे, तोच निवडा. मी स्पेक मियाटामध्ये आहे. माझदाची दोन सीटची छोटी मियाटा, पहिल्या दोन पिढ्यांची, १९९० ते २००५ मधली. स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर, टायर ठरवून दिलेले. १.६ लिटरच्या मूळ इंजिनाची ताकद ११६ हॉर्सपॉवर, नंतरच्या १.८ लिटरची त्याहून जास्त. वर्षावर्षांच्या गाड्यांमधला फरक किमान वजन आणि हवेच्या वाटेतली चकती यांनी जुळवून घेतात. पैसेवाल्याला इथे पैसा ओतायला वाव कमी राहतो. शिवाय गाडी हलकी असल्याने टायर, ब्रेक, पेट्रोल, सगळंच कमी खाते, आणि सुटे भाग कुठेही मिळतात. एका शर्यतीत माझा टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, वाकला तेव्हा शेजारच्या तंबूतल्या माणसाने, ज्याला मी त्याच दिवशी मागे टाकलं होतं, आपला जादाचा काढून दिला. वर्गात गाड्या भरपूर असण्याचा हा मोठा फायदा आहे.

दुसरा मार्ग चार-पाच जणांनी मिळून एक गाडी तासन् तास आळीपाळीने चालवायचा. '२४ अवर्स ऑफ लेमन्स' २००६मध्ये सुरू झालं, तिथे गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत असावी असा नियम. पण ही मर्यादा सुरक्षेच्या सामानाला लागू नाही. त्यामुळे ५०० डॉलरच्या भंगार गाडीत तिच्या कितीतरी पट महाग पिंजरा (गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून आत बसवलेल्या लोखंडी नळ्यांचा), सीट आणि पट्टे बसलेले दिसतात. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. कमी खर्चात ट्रॅकवर जास्त वेळ हवा असेल, आणि चार मित्र भांडण न करता हिशेब ठेवणारे असतील, तर इथून सुरुवात करायला हरकत नाही.

माझ्या वहीतला २०२३चा हंगाम

गाडीची किंमत हा खर्चातला छोटा भाग आहे. सहा शर्यती-वीकएंडांचा हिशेब असा लागला. प्रवेश शुल्क २,५५० डॉलर. टायरचे दोन संच, २,०००. ब्रेक पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल, ५२०. पुढच्या हबची जोडी, ४००. रेस गाडीचं पेट्रोल आणि ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचं मिळून १,९००. राहणं-खाणं ६००, तेही पॅडॉकमध्ये तंबू टाकून आणि घरून पोळ्या-चटणी नेऊन. सभासदत्व, परवाना, डॉक्टर, ३००. इंजिन ऑइल वगैरे २८०. आणि तिसऱ्या वीकएंडला मागून बसलेल्या धक्क्याचा पत्रा, खालची आर्म आणि अलाइनमेंट, १,१५०.

बेरीज ९,७००. म्हणजे वीकएंडला सोळाशेच्या वर. त्यात गाडी ट्रॅकवर प्रत्यक्ष धावली ती मिनिटं मी मोजली आहेत. सराव, पात्रता फेरी आणि शर्यती धरून वर्षभरात साधारण दहा तास. तासाला ९७० डॉलर. हा आकडा मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे, कारण पुढे कुठलीही वस्तू विकत घेताना तो मोजपट्टीसारखा कामी येतो. पाचशे डॉलरची चकाकणारी वस्तू म्हणजे ट्रॅकवरचा अर्धा तास गेला.

याआधीचा एकदाच करायचा खर्च वेगळा. गाडी १३,५००, जुना उघडा ट्रेलर ३,२००. अंगावरचं सामान आणि नवे पट्टे मिळून २,०७०, त्याचा तपशील पुढे येईल.

तुमच्या वर्षाच्या रकमेतला चौथा हिस्सा पत्रा-अपघातासाठी बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका. शर्यतीत गाडीचं नुकसान झालं की ते आपलंच, समोरच्याची चूक असली तरी. आणि गाडी अशा किमतीची घ्या की उद्या ती भंगारात गेली तरी घराचा हप्ता चुकणार नाही. ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांनी लाजू नये, वर्षातून एक-दोनदा तयार गाडीतली सीट भाड्याने घ्यावी. वर्षाला तीनहून कमी वीकएंड होणार असतील तर हिशेबात तेच परवडतं. ट्रेलर ठेवायला जागा शोधत फिरावं लागत नाही, हिवाळ्यात दुरुस्तीही नाही.

गाडी घेताना

स्वतः गाडी बांधू नका. मला माहीत आहे, बांधण्यातच मजा आहे. बाबांच्या मुलीला हे सांगताना जड जातं. पण साधी मियाटा घेऊन तिच्यात चांगला पिंजरा, सीट, आग विझवणारी यंत्रणा, स्प्रिंगा, टायर घालत गेलात की तयार विकत मिळणाऱ्या रेस गाडीच्या पुढे खर्च जातो, आणि एक उन्हाळा हातचा जातो. ज्याने बांधली त्याने तो खर्च सोसलेला असतो. विकताना तो त्याला पूर्ण परत मिळत नाही. त्याचा फायदा घ्या.

लॉगबुक असलेलीच गाडी घ्या. त्यात तांत्रिक तपासण्या आणि मोठे अपघात नोंदलेले असतात. विकणारा तोंडाने काहीही सांगो, लॉगबुक वाचा आणि मग गाडीखाली शिरा.

मिशिगन, ओहायोसारख्या बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पहिला शत्रू गंज. मियाटाच्या दारांखालचा पत्रा आतून सडतो, दुसऱ्या पिढीच्या गाड्यांत पुढच्या चासीच्या दांड्याही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. बद्द आवाज आला की सावध. पिंजऱ्याचे पाय ज्या पत्र्यावर वेल्ड केलेत तिथे गंज असेल तर ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नका. मग वेल्डिंग. नळीच्या पूर्ण घेराला वेल्ड गेला आहे का, हे छताकडच्या बाजूला छोटा आरसा धरून पाहा. छत आड येतं म्हणून वरची बाजू सोडून देणारे असतात.

पुढचं चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली हात धरून हलवा. जराही खुळखुळलं तर हब संपलाय. चिकट टायरांमुळे मियाटाचे पुढचे हब लवकर जातात, हे या गाडीचं दुखणंच आहे. मी ते खराब होण्याची वाट न बघता दर हंगामाला बदलते. रेडिएटरची वरची प्लास्टिक टाकी काळीची तपकिरी झाली असेल तर ती कधीही फुटेल. १९९० आणि ९१च्या सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं नाक आखूड असतं, तिथली पुलीची खाच झिजून क्रँक निकामी होते. त्या वर्षांची गाडी असेल तर कोणत्या प्रकारचं इंजिन आहे ते विचारून नाही, पाहून घ्या. इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांमधला दाब, तपासा. रंगाकडे बघू नका.

मान, पाठ, डोकं

इथे मी लांबण लावणार आहे.

विल्यम 'पीट' स्नेल हा हौशी रेसर होता. १९५६मध्ये शर्यतीत त्याची गाडी उलटली आणि त्या काळच्या हेल्मेटने त्याला वाचवलं नाही. त्याच्या मित्रांनी पुढच्या वर्षी त्याच्या नावाने संस्था काढली, आज हेल्मेटच्या मागे आतून जो 'स्नेल'चा शिक्का असतो तो तिचा. १९८१मध्ये ओहायोतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर चाचणी घेताना पॅट्रिक जॅकमार गेला. डोकं झटक्याने पुढे गेलं आणि कवटीचा तळ मोडला. त्याचा मित्र, रेसर जिम डाउनिंग, हा प्रश्न घेऊन आपल्या मेव्हण्याकडे गेला. मेव्हणा रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीरयांत्रिकीचा प्राध्यापक. दोघांनी मिळून हान्स बनवलं: खांद्यांवर बसणारी, पट्ट्यांखाली दाबून धरलेली कॉलर, तिला हेल्मेट दोन दोऱ्यांनी बांधलेलं. बरीच वर्षं लोकांनी ते अवघडतं म्हणून टाळलं. २००१मध्ये डेटोनाच्या शर्यतीत नामवंत रेसर डेल अर्नहार्ट तशाच इजेने गेला तेव्हा कुठे नॅसकारने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक स्टॉक कार शर्यतींच्या संघटनेने, मानेचा आधार सक्तीचा केला.

साधा हिशेब करून बघा. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरा. गाडी भिंतीवर आदळून ४० जी, म्हणजे वजनाच्या चाळीसपट झटका, लागला तर ते सहा किलो क्षणभर २४० किलोच्या ओढीने पुढे जायला बघतं. पट्ट्यांनी छाती घट्ट धरलेली आहे, म्हणजे ती सगळी ओढ मानेवर. रस्त्यावरच्या गाडीत तीन बिंदूंचा पट्टा छातीला थोडं पुढे जाऊ देतो, मानेचा भार वाटला जातो. सहा बिंदूंचा पट्टा तसं होऊ देत नाही. म्हणून सहा बिंदूंचा पट्टा बांधून हान्सशिवाय गाडी चालवणं मला चालत नाही; माझ्या ट्रेलरवर आलेल्या पाहुण्यालाही मी तशी गाडी देत नाही.

हेल्मेट 'एसए' शिक्क्याचं घ्या, मोटरसायकलचं 'एम' नको. 'एसए'ची आगीची आणि पिंजऱ्याच्या नळीवर पुन्हा पुन्हा आपटण्याची चाचणी होते. हेल्मेट डोक्यावर घालून गालांची कातडी त्याच्याबरोबर सरकते का ते बघा. नुसतं हेल्मेट फिरत असेल तर मोठं आहे. हान्सवर एसएफआय ३८.१ किंवा एफआयएचा शिक्का हवा; रेसिंगच्या सुरक्षा-सामानाची मानकं या दोन संस्था ठरवतात. सूटवर एसएफआय ३.२ए/५: एका थराच्या '/१' सूटमध्ये आगीत दुसऱ्या दर्जाचा भाजला जाण्याआधी साधारण तीन सेकंद मिळतात, '/५'मध्ये दहा. बेल्ट सोडून, खिडकीची जाळी काढून, दरवाज्यातून बाहेर यायला मला सरावाने आठ सेकंद लागतात. त्या सरावाला पैसे पडत नाहीत. हेल्मेट-हातमोज्यांसकट, डोळे मिटून, गॅरेजमध्ये करा. आतले कपडे नायलॉनचे नकोत, वितळून कातडीला चिकटतात.

माझा २०२१चा खर्च: हेल्मेट ४८०, हान्स ५२०, सूट ४३०, आतले कपडे १४०, बूट-हातमोजे १९०, पट्टे ३१०. पट्ट्यांवर टाके घातलेल्या पट्टीत तारीख असते. ऊन आणि घाम लागून धागा कमजोर होतो, वरून काही दिसत नाही. प्रयोगशाळेत जुना पट्टा नव्यासारखाच दिसताना तुटताना मी पाहिला आहे. किती वर्षं चालेल ते तुमच्या संघटनेच्या नियमपुस्तकात पाहा आणि त्याच्या पुढे एक दिवसही वापरू नका. जुने पट्टे, जुनं हेल्मेट कुणाकडूनही घेऊ नका, सख्ख्या भावाकडूनही नाही. जुना सूट एकवेळ चालेल.

आता बसवण्याची रीत, कारण चांगला पट्टा वाईट बसवला की घात करतो. कमरेचा पट्टा पोटावर येता कामा नये, ओटीच्या हाडांवर, खाली, घट्ट. तो आधी आवळायचा, खांद्याचे नंतर. उलट केलंत तर खांद्याचे पट्टे कमरेचा वर ओढतात आणि धडकेत तुम्ही त्याच्याखालून घसरता. प्रयोगशाळेत डमीचं पोट त्या वेळी कसं चेपतं ते मी सांगत नाही. मांड्यांमधले पट्टे ही घसरण थांबवायलाच असतात. खांद्याचे पट्टे मागे आडव्या नळीला, खांद्याच्या पातळीपासून फार तर २० अंश खाली. त्याहून खाली, जमिनीला बांधलेले पट्टे धडकेत पाठीच्या मणक्यांना खाली दाबतात. मागची लांबी जितकी कमी तितका पट्टा कमी लांबतो.

सीट तुमच्या अंगाची हवी. आधीचा मालक सहा फुटी असेल तर त्याच्या सीटमध्ये माझ्यासारखी पाच फूट तीन इंचांची बाई पट्टे कितीही आवळले तरी खुळखुळते. ही एक वस्तू मी गाडी घेतल्याच्या आठवड्यात बदलली. माझं वजन ५८ किलो, त्यामुळे किमान वजन भरायला शेजारच्या जागी शिशाच्या लाद्या लावाव्या लागतात. त्या मोठ्या वॉशर घालून बोल्टने जमिनीला. सुटी लादी म्हणजे गाडीत ठेवलेला तोफगोळा.

आणि हे कळकळीने: रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीत पिंजरा बसवू नका. हेल्मेट नसलेलं डोकं किरकोळ धडकेतही त्या लोखंडी नळीवर आपटतं.

ब्रेक

ऑगस्ट २०२१, माझी तिसरी शर्यत. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल मऊ होऊन तळाला गेलं. दोनदा पंप केलं. तोवर वळण निघून गेलं होतं. गवत, खडी, मग टायरांची भिंत. दोन दिवस मान धरली होती आणि गळ्याच्या हाडांवर पट्ट्यांचे निळे वळ होते. एवढंच. पट्टे दोन महिन्यांपूर्वी बदललेले होते, आणि तेव्हा त्या ३१० डॉलरांसाठी मी आठवडाभर का-कू केली होती.

चूक माझीच. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलला ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत न उकळण्याचं बंधन आहे, ओल प्यायलेलं असेल तर फक्त १५५. मी एप्रिलमध्ये भरलेलं साधं ऑइल ऑगस्टमध्ये वापरत होते. हजार किलोची गाडी ताशी १६० वरून ७२ किलोमीटरवर आणताना ब्रेकमध्ये जी उष्णता जाते ती सुमारे अडीच लिटर पाणी नळाच्या पाण्यापासून उकळीला आणेल. आणि असं प्रत्येक फेरीत अनेकदा. ऑइल उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते, पेडल तळाला.

तेव्हापासून तीनशे अंशांच्या वर टिकणारं रेसिंगचं ऑइल, प्रत्येक वीकएंडआधी चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून. अर्धा तास आणि बारा-पंधरा डॉलर. पॅड रेसिंगचेच हवेत, आणि दर शर्यतीनंतर टॉर्च मारून जाडी बघायची. पाठीमागच्या धातूच्या पट्टीइतकंच मटेरियल उरलं की काढून टाका. गाडीत पहिला पैसा इथे घाला.

मग अपग्रेड

२०२२च्या हिवाळ्यात मी ४,८०० डॉलर घालून इंजिन नव्याने बांधून घेतलं. नियमात राहून. जिंजरमनवर त्याच ऋतूत, त्याच टायरच्या जातीवर फेरी ०.४ सेकंदांनी कमी झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये एका प्रशिक्षकाला दिवसाचे ५०० डॉलर दिले. त्याने माझा डेटा लॉगर, म्हणजे फेरीभरचा वेग नोंदवणारं यंत्र, बघितला, माझ्या आणि त्याच्या वेगाच्या रेषा एकावर एक ठेवल्या आणि दाखवलं की मी ब्रेक योग्य जागी दाबते पण सोडते फार उशिरा, त्यामुळे वळणाच्या मध्यावर दर वेळी ताशी सात-आठ किलोमीटरने हळू. दुपारपर्यंत १.९ सेकंद.

म्हणून माझा क्रम असा. आधी चार कोपऱ्यांचं वजन, म्हणजे प्रत्येक चाकावर किती भार येतो ते, पण तुम्ही सीटवर बसलेले असताना, आणि त्यानुसार अलाइनमेंट. मग जुने झालेले शॉक आणि रबरी बुश, कारण वीस-तीस वर्षांच्या गाडीत अर्धी तक्रार तिथेच असते. मग एक साधा डेटा लॉगर. मग प्रशिक्षक. टायरच्या बाबतीत एवढंच की प्रत्येक सत्रानंतर, गरम असतानाच, हवेचा दाब मोजून लिहून ठेवा. थंड दाबाला अर्थ नाही. आणि त्यांना किती वेळा गरम-थंड केलं तेही लिहा, नक्षी उरलेली दिसली तरी पकड आधीच गेलेली असते. एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत तर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

इंजिनाला पहिले दोन हंगाम हात लावू नका. ऑइल बदला, पाण्याचे पाइप नवे घाला, बस्स.

देशातल्या भावंडांसाठी

माझा मामेभाऊ सांगलीहून विचारत असतो. तिकडची रचना वेगळी आहे. परवाना एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचा, आणि सर्किट रेसिंग मुख्यतः चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर. सांगली-कोल्हापूरहून स्वतःची गाडी ओढत नेण्यापेक्षा आयोजकच सारख्या गाड्या देतात अशी मालिका बघ, आणि त्याआधी कार्टिंगमध्ये दोन वर्षं घाल, असं मी त्याला सांगितलं. हेल्मेट, पट्टे आणि मान यांबद्दल वर जे लिहिलं ते तिकडेही शब्दशः लागू आहे.

रविवारची रात्र

घरी परतल्यावर गाडी ट्रेलरवरून उतरवताच धुऊ नका, आधी बघा. पिंजऱ्याच्या जोडांवर रंगात बारीक भेग, हबला खुळखुळ, रेडिएटरच्या टोकाला हिरवट डाग, पट्ट्यांच्या कडांना कापलेला धागा, आग विझवणाऱ्या बाटलीचा काटा. नटांवर मी पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवते, सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. चाकांचे नट टॉर्क पान्याने ८० फूट-पाउंडला, प्रत्येक सत्राआधी, स्वतःच्या हाताने; दुसऱ्याने केले असं ऐकलं तरी पुन्हा.

मग जे बदलायचं त्याची यादी फ्रिजवर लावायची. सध्या तिच्यावर तीन ओळी आहेत: पुढचे हब, ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या, आणि खांद्याचे पट्टे, ज्यांची मुदत या डिसेंबरला संपते.